बेळगाव तीन दिवसांत कसे पाहावे : किल्ला, बस्ती, देवळे, धबधबे आणि घाटमाथा

महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा यांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे बेळगाव वसले आहे. गोव्याला जाताना बहुतेक गाड्या इथे फक्त जेवायला थांबतात. पण किल्ल्यातली आठशे वर्षांपूर्वीची जैन बस्ती (म्हणजे जैन मंदिर), हलशीची कदंबकालीन देवळे आणि गोकाकचा धबधबा हे सगळे शहर मुक्कामाला धरून तीन दिवसांत नीट पाहता येते. घाटमाथा आणि मलप्रभेचा उगम हवा असेल तर आणखी एक दिवस धरावा. अट एकच : ठिकाणांचा क्रम आणि महिना आधी ठरवायला हवा. इथला प्रवास फसतो तो बहुधा चुकीच्या महिन्यात चुकीच्या दिशेला गेल्याने.

१. आधी पाऊस समजून घ्या, मग तारीख ठरवा

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीच्या घाटमाथ्यावर तो काही पट वाढतो, तर पूर्वेला गोकाककडे शहराच्या निम्म्यावर येतो. हा सगळा बदल एका जिल्ह्याच्या आत होतो.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती बरेच जण विसरतात. गोकाकचा धबधबा गोकाकच्या पावसावर चालत नाही. घटप्रभा येते सह्याद्रीतून आणि वाटेत हिडकल धरणात अडते. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या की लोक गोकाकला धावतात आणि काळ्या कड्यावरून उतरणाऱ्या दोन-चार धारा पाहून परत येतात. धरण भरत आले आणि विसर्ग सुरू झाला की कडा भरून वाहतो. हे बहुधा जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात घडते. निघण्याच्या आदल्या दिवशी हिडकलमधून पाणी सोडले आहे का, याची बातमी पाहा. पावसाच्या अंदाजापेक्षा ती जास्त उपयोगी ठरते.

म्हणून तारखा अशा धरा :

- धबधबे हा मुख्य हेतू असेल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर.
- किल्ला, देवळे आणि पक्षी पाहायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.
- दोन्ही थोडे थोडे हवे असेल तर ऑक्टोबर. धबधब्यांना पाणी उरलेले असते, डोंगर हिरवे असतात आणि देवळांच्या आवारातले शेवाळ सुकायला लागते. पहिल्यांदा येणाऱ्याने हाच महिना निवडावा.

मार्च ते मे या महिन्यांत गोकाकला फक्त खडक दिसतो. त्या दिवसांत पूर्वेकडची फेरी गाळून तो दिवस राणी चन्नम्माच्या कित्तूरला द्यावा.

२. टाळायचे दिवस आणि सीमेचे व्यवहार

१ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव असतो, आणि त्याच दिवशी सीमाभागातले मराठी भाषिक काळा दिन पाळतात. त्या दिवशी शहरातले काही रस्ते बंद असू शकतात. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. त्या काळात खोल्या मिळत नाहीत आणि महामार्गावर बंदोबस्त असतो. गणेश विसर्जन आणि शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक पाहायलाच येणार असाल तर जरूर या. इमारती पाहायच्या असतील तर मात्र हे दिवस सोडा, कारण जुन्या शहरात गाडी हलत नाही.

सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की सर्वात आधी थांबतात त्या दोन राज्यांमधल्या एसटी गाड्या. कोल्हापूरहून येणारी बस तेव्हा कोगनोळी किंवा निपाणीच्या आसपासूनच मागे फिरते. रेल्वे सहसा चालू राहते. त्यामुळे परतीचे तिकीट शक्यतो रेल्वेचे काढावे. आरक्षण करताना स्थानकाचे नाव ‘बेळगावी’ असे शोधा. २०१४ पासून अधिकृत नोंदींत तेच नाव आहे.

कोल्हापूर ते बेळगाव रस्त्याने सुमारे ११० किलोमीटर आहे. निपाणी, संकेश्वरमार्गे महामार्गाने दोन-अडीच तास लागतात. स्वतःच्या गाडीला अडचण नसते. भाड्याची गाडी असेल तर तिच्याकडे परराज्यात जाण्याचा परवाना आहे का, हे चालकाला निघण्यापूर्वीच विचारा. नाक्यावर ही चर्चा सुरू झाली की तास जातो.

शहरात मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही चालतात. ग्रामीण बसच्या पाट्या मात्र बहुतेक कन्नडमध्ये असतात. पाटी वाचता येत नसेल तर वाहकाला गावाचे नाव विचारूनच चढा. कर्नाटकातल्या सरकारी बसमधला महिलांचा मोफत प्रवास त्या राज्यातल्या रहिवासी महिलांसाठी आहे. बाहेरून आलेल्या महिलांनी तिकीट काढावे.

३. पहिला दिवस, सकाळ : किल्ला

किल्ला मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. समोर किल्ला तलाव आहे. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला हा वेगळा वाटेल, कारण हा भुईकोट आहे. चढ नाही, पण भोवती रुंद खंदक आहे. त्याचा आकार कळायचा असेल तर थेट आत न घुसता आधी दरवाजाबाहेर थांबून तटाची वळणे पाहा.

किल्ल्याची सुरुवात रट्ट राजवटीत, तेराव्या शतकाच्या आरंभी झाली. पुढे यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही आणि मराठे असे मालक बदलत गेले. १८१८ मध्ये मन्रोच्या सैन्याने वेढा घालून तो इंग्रजांसाठी घेतला. आज दिसणारा तट आणि खंदक यांत आदिलशाहीतल्या बांधकामाचा मोठा वाटा आहे. प्रवेशाशी दुर्गा आणि गणपतीची छोटी मंदिरे आहेत.

आत गेल्यावर सर्वात आधी कमल बस्ती गाठा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ती १२०४ मध्ये बांधवली. गाभाऱ्यात काळ्या दगडातली नेमिनाथांची मूर्ती आहे. पण ज्यामुळे बस्तीला नाव मिळाले ते छतावर आहे. मंडपाच्या मधोमध उभे राहून वर पाहिले की दगडात कोरलेले, खाली लोंबणारे कमळ दिसते. त्याला ७२ पाकळ्या आहेत : भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतले प्रत्येकी २४ तीर्थंकर.

हे पाहण्याची पद्धत अशी :

- सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान जा. ऊन तिरपे असताना मंडपात उजेड पोचतो आणि कोरीव कामाच्या कडा उठून दिसतात.
- बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर तीन-चार मिनिटे नुसते उभे राहा. डोळे सरावल्याशिवाय छतावर फक्त काळोख दिसतो, आणि बहुतेक लोक नेमके त्याच वेळी फोटो काढून बाहेर पडतात.
- छोटी विजेरी जवळ ठेवा, पण झोत सरळ कमळावर मारू नका. बाजूने टाकला की पाकळ्यांची खोली कळते.
- खांब जवळून पाहा. घोटून इतके गुळगुळीत केले आहेत की काही ठिकाणी समोरच्या माणसाची आकृती त्यांत उमटते. हात लावू नका. हाताच्या तेलाने दगडावर कायमचे डाग राहतात.
- चामड्याचे पट्टे, पाकिटे आणि पादत्राणे बाहेर ठेवा. ही पूजेतली बस्ती आहे.

जवळच चिक्की बस्तीचे अवशेष आहेत. बेळगावच्या या बस्त्यांशी संबंधित रट्ट काळातले दोन शिलालेख आता ब्रिटिश संग्रहालयात आहेत. त्यामुळे इथे ते शोधत बसू नका.

यानंतर सफा मशीद. विजापूरचा सरदार असदखान याने ती १५१९ मध्ये बांधली. आतले काही खांब जुन्या मंदिरांमधले आहेत. त्यांपैकी दोन खांबांवर नागरी लिपीत कन्नड लेख आहेत : एक ११९९ चा, चौथ्या कार्तवीर्याचा आणि दुसरा १२६१ चा, यादव राजा कृष्ण याच्या काळातला. भाषा कन्नड, लिपी नागरी आणि वास्तू मशिदीची. बेळगावचा सगळा इतिहास या दोन खांबांवर वाचता येतो. किल्ल्याचा मोठा भाग लष्कराच्या ताब्यात आहे. त्यामुळे मशिदीत जाता येईल की नाही हे पहाऱ्यावरच्या जवानाला विचारा. नाही म्हणाले तर वाद घालू नका.

किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले, तेव्हा ते हरिपद मित्र यांच्या ज्या घरी राहिले ते याच आवारात जपले आहे. दुपारी ते बंद असते, म्हणून बाराच्या आत पोचा.

एकूण किल्ल्याला तीन तास द्या. फोटो बस्तीचे आणि तटाचे काढा. लष्करी इमारती, फाटके आणि वाहने यांचे काढू नका. ड्रोन तर आणूच नका : एका बाजूला छावणी, दुसऱ्या बाजूला सांबऱ्याचे विमानतळ आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे.

४. पहिला दिवस, दुपारनंतर : शहर

जेवणानंतर कॅम्प भागातले सेंट मेरी चर्च पाहा. एकोणिसाव्या शतकातली ही गॉथिक धाटणीची दगडी इमारत आहे. प्रार्थनेची वेळ नसेल तर आतली रंगीत काचेची तावदाने बघता येतात.

तिथून टिळकवाडीकडे या. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन बेळगावात भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. त्याची स्मृती म्हणून वीरसौध उभारले आहे आणि अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर तिथेच आहे. रस्त्याचे नावही काँग्रेस रोड. टिळकवाडीत पत्ता विचाराल तर लोक पहिले, दुसरे, तिसरे रेल्वे गेट अशी खूण सांगतात. ती लक्षात ठेवली की रिक्षावाल्याशी बोलणे सोपे जाते. आठ वर्षे आधी, एप्रिल १९१६ मध्ये, टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली तीही याच शहरात.

संध्याकाळी कपिलेश्वर. दक्षिण काशी म्हणून ओळखले जाणारे हे शंकराचे देवस्थान तलावाला लागून आहे. सोमवारी आणि श्रावणात गर्दी असते. शांतपणे पाहायचे असेल तर दुसरा वार धरा.

५. दुसरा दिवस : येळ्ळूर, नंदगड, हलशी

पहाटे निघून येळ्ळूरचा राजहंसगड आधी करा. शहरापासून सुमारे १५ किलोमीटर. गाडीरस्ता वरपर्यंत जातो. किल्ला लहान आहे, तासाभरात बघून होतो. आत सिद्धेश्वराचे मंदिर आणि छत्रपती शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा आहे. खाली दिसणारी भातशेती बेळगाव बासमतीसाठी ओळखली जाते. पावसाळ्यात सकाळी गड धुक्यात बुडालेला असतो. धुके असेल तर वर थांबून वेळ घालवू नका, परतताना पुन्हा फाटा लागतोच.

तिथून खानापूरमार्गे नंदगड. कित्तूरच्या लढ्यातला वीर संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी इथे फाशी दिले. त्याच्या समाधीवरचा वड आजही लोक पूजतात.

मग हलशी. बेळगावपासून साधारण ४० किलोमीटरवरचे हे गाव आज शांत आहे, पण पाचव्या-सहाव्या शतकात बनवासीच्या कदंब राजघराण्याचे ते दुय्यम राजधानीचे ठिकाण होते. तेव्हाचे नाव पलाशिका. नंतर गोव्याच्या कदंबांनी इथे देवळे उभारली. त्यांतले मुख्य भूवराह-नृसिंह मंदिर बाराव्या शतकातले. याची रचना नेहमीची नाही : एकाच मंडपाच्या दोन टोकांना समोरासमोर दोन गाभारे आहेत. एकीकडे पृथ्वीला उचलून धरलेला भूवराह, दुसरीकडे विष्णू आणि नृसिंह. एका गाभाऱ्याचे दर्शन घेऊन माघारी फिरणारे अर्धे मंदिर न पाहताच जातात.

बाहेरून प्रदक्षिणा घालताना शिखराकडे लक्ष द्या. आडवे थर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत वर जातात, वर फारसे कोरीव काम नाही. ही कदंब शिखराची ओळख. एकदा डोळ्यात बसली की पुढे या भागात, गोव्यातही, कुठलेही देऊळ पाहताना ती ओळखता येते. गावात आणखी जुनी देवळे विखुरलेली आहेत, त्यांतली काही पडकी. पुजारी किंवा शेजारचा कोणी किल्ली घेऊन येतो, थोडे थांबावे लागते. गावात जेवणाची खात्री नाही. डबा बरोबर न्या किंवा खानापुरात खाऊन निघा.

६. घाटमाथा हवा असेल तर

पश्चिमेला जांबोटीवरून कणकुंबीला जाणारा रस्ता हा या परिसरातला सर्वात सुंदर रस्ता आहे. हलशी केलेल्या दिवशीच तो कोंबू नये, स्वतंत्र दिवस द्यावा. कणकुंबीला माउलीचे मंदिर आहे आणि मलप्रभेचा उगम आहे. मलप्रभा इथून पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. याच खानापूर तालुक्यातून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि गोव्यात जाऊन समुद्राला मिळते. पाणी दोन दिशांना कसे वाटले जाते हे इथे उभे राहिल्यावर कळते. म्हादईच्या पाण्यावरून राज्यांमध्ये एवढा वाद का आहे, तेही कळते.

जंगलातल्या वज्रपोह धबधब्याबद्दल स्पष्ट सांगायला हवे. मोबाइलमधला नकाशा तिथवर पायवाट दाखवतो, पण ती वनक्षेत्रातून जाते. पावसाळ्यात अपघात होतात म्हणून वन विभाग अशा धबधब्यांवर जाण्यास बंदी घालतो. आधी वन कार्यालयात परवानगी विचारा. नसेल तर जाऊ नका. भीमगड अभयारण्यालाही हाच नियम. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचे वटवाघूळ ही अतिशय दुर्मिळ जात राहते, आणि माणसाच्या वर्दळीने, उजेडाने ती वस्ती विस्कटते. गुहा पाहण्याचा हट्ट धरू नये.

या रस्त्याला लागताना :

- इंधन बेळगावातच भरा.
- नकाशा आधी उतरवून ठेवा. जांबोटीपुढे मोबाइलला रेंज मिळत नाही.
- जून ते सप्टेंबर जळवा असतात. लांब मोजे आणि मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवा. चिकटलेली जळू ओढून काढू नका, मीठ लावले की सुटते.
- संध्याकाळी पाचनंतर धुके उतरते. त्याआधी परतीला लागा.

७. तिसरा दिवस : गोकाक आणि गोडचिनमलकी

शहरापासून गोकाक फॉल्स सुमारे ६० ते ६५ किलोमीटर आहे. ‘गोकाक’ आणि ‘गोकाक फॉल्स’ ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. धबधब्याला जायचे तर दुसऱ्याचे नाव सांगा. रेल्वेने यायचे असेल तर गोकाक रोड किंवा घटप्रभा स्थानकावर उतरून पुढे रिक्षा करावी लागते, चालत जाण्यासारखे अंतर नाही.

घटप्रभा इथे सुमारे ५२ मीटरच्या कड्यावरून घोड्याच्या नालेच्या आकारात खाली पडते. काठावर १८८७ मध्ये सुरू झालेली सूतगिरणी आहे. पाण्याच्या जोरावर यंत्रे चालवता यावीत म्हणूनच ती इथे बांधली. नदीवरचा झुलता पूल सुमारे २०० मीटर लांब आहे. तो कधी खुला असतो, कधी दुरुस्तीसाठी किंवा पाणी वाढल्याने बंद. बंद असेल तर काठावरून पाहा, दृश्य तेवढेच चांगले दिसते. काठावर चालुक्य शैलीतले महालिंगेश्वर मंदिरही आहे. धबधब्याच्या नादात ते राहून जाते.

धोका कड्याच्या माथ्यावर असतो. पाणी कमी दिसते म्हणून लोक खडकांवरून आत चालत जातात. वरून विसर्ग वाढला की पाणी काही मिनिटांत चढते आणि शेवाळलेल्या खडकावर पाय टिकत नाही. कठड्याच्या पलीकडे जाऊ नका. मुले बरोबर असतील तर हात सोडू नका.

इथून पुढे मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबा. दोन टप्प्यांत पडतो, पहिला टप्पा सुमारे २५ मीटरचा. गोकाकइतका प्रचंड नाही, पण झाडीत आहे आणि गर्दी कमी. सकाळी गोकाक, दुपारी गोडचिनमलकी असा क्रम ठेवा.

हिवाळ्यात आलात तर धबधब्यांऐवजी धुपदाळचा बंधारा आणि घटप्रभा पक्षी अभयारण्य करा. स्थलांतर करून आलेले क्रौंच पाणथळीत उतरतात. सूर्योदयाच्या सुमारास पोचणे आणि दुर्बीण या दोन गोष्टी हव्यातच. ऊन चढल्यावर पक्षी शेतांकडे पांगतात.

८. उन्हाळ्यात, किंवा एक दिवस जास्त असेल तर : कित्तूर

धारवाडकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ५० किलोमीटरवर कित्तूर आहे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्माच्या सैन्याने इंग्रजांचा हल्ला परतवला आणि कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरमध्ये इंग्रज मोठ्या फौजेने परत आले आणि किल्ला पडला. राणीला बैलहोंगल इथे कैदेत ठेवले, तिथेच १८२९ मध्ये तिचा मृत्यू झाला.

वाड्याचे जोते, भिंती आणि पाण्याची व्यवस्था शाबूत आहे. ध्रुवतारा पाहण्यासाठी भिंतीत बसवलेले भोक मुद्दाम शोधा. आधी आवारातले संग्रहालय पाहा आणि मग वाड्यात जा, म्हणजे कुठली खोली कशाची ते कळते. ऑक्टोबरमध्ये कित्तूर उत्सव भरतो, तेव्हा अवशेष शांतपणे पाहता येत नाहीत.

खरेदी शेवटच्या दिवसासाठी ठेवा. बेळगावचा कुंदा दुधाचा असतो, उन्हात गाडीत लवकर बिघडतो. गोकाकचा करदंट डिंक आणि सुक्यामेव्याचा असल्याने तो बरेच दिवस टिकतो. पुढे गोव्याला उतरणार असाल तर चोर्ला घाट दिवसाउजेडी पार करा. पावसाळ्यात दरडी आणि खड्ड्यांमुळे नकाशा दाखवतो त्यापेक्षा किमान तासभर जास्त धरा.